पदवीनंतरचा झाडांचा अभ्यास

(माहितीपटाचे निवेदन. दृश्य : येऊरचा चढ, सकाळ. पाने झडलेली झाडे, खोडांवरून फिरणारे हात.)

ठाण्याच्या येऊर भागात, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व उतारावर, फेब्रुवारी सरता सरता बरीच झाडे निष्पर्ण झालेली असतात. झाडे ओळखायला शिकण्याचा हा उत्तम हंगाम आहे, कारण पानांची सोयीची खूण नाहीशी झालेली असते आणि साल, फांद्यांची ठेवण व कळ्या यांवरून नाव सांगावे लागते. पडद्यावर दिसणारी मंडळी लँडस्केपच्या व्यवसायातील आहेत : उद्यानांचे आराखडे करणारे, लागवडीची कामे घेणारे कंत्राटदार, रोपवाटिका चालवणाऱ्या एक बाई आणि दोन माळी. ऐनाची सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल त्यांना पटकन कळते. काटेसावर मात्र फसवते. तरुण सावरीच्या खोडावर शंकूच्या आकाराचे टोकदार काटे असतात, पण झाड वाढत जाते तसे खालच्या खोडावरचे काटे झिजून जातात, आणि केवळ काट्यांवर विसंबणारा अभ्यासक जुन्या सावरीपाशी येऊन थांबतो. याच उतारावर कारवी आहे. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी धरते आणि मरते, म्हणजे चाळीस वर्षांच्या व्यावसायिक आयुष्यात तिचा बहर पाच-सहा वेळाच पाहायला मिळतो. वनस्पतींचा अभ्यास पदवीच्या ठरावीक वर्षांत का मावत नाही, हे कारवीपाशी उभे राहिल्यावर वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्याकडे वास्तुकलेचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यानंतर लँडस्केप आर्किटेक्चरचे, म्हणजे बागा व मोकळ्या जागांच्या रचनेचे, दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते. त्या दोन वर्षांत आरेखन, पाण्याचा निचरा, उतारांची आखणी आणि बांधकामाचे तपशील यांच्या शेजारी वनस्पती हा एक विषय असतो. वास्तुविशारदांच्या नोंदणीसाठी १९७२ चा कायदा आहे. लँडस्केप आर्किटेक्टसाठी तसा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे झाडांविषयीचे ज्ञान ठरावीक काळाने ताजे केलेच पाहिजे, असे बंधनही नाही. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरीकल्चर ही वृक्षसंगोपनाच्या क्षेत्रातील जुनी संस्था आहे. तिचे प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत निरंतर शिक्षणाची ३० एकके मिळवावी लागतात, नाहीतर परीक्षा पुन्हा द्यावी लागते. आपल्याकडे असे शिक्षण ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडलेले आहे, आणि त्याची किंमत झाडे मोजत आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष.)

मूळच्या दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या पर्जन्यवृक्षाने मुंबई-ठाण्याच्या रस्त्यांना अनेक दशके सावली दिली. गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या प्रादुर्भावाने या भागातले असंख्य पर्जन्यवृक्ष वाळले. एकाच जातीची झाडे ओळीने लावली की कीड एका झाडावरून दुसऱ्यावर विनासायास जाते. अमेरिकन संशोधक फ्रँक सँटामोर यांनी १९९० मध्ये यासाठी एक साधे प्रमाण सुचवले होते : शहरातल्या एकूण झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातीची (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक झाडे नसावीत. हे आकडे जसेच्या तसे पाळावेत की नाही, यावर तज्ज्ञांमध्ये चर्चा होत असते, परंतु लागवडीची यादी करताना ते समोर असले तरी बराच अनर्थ टळेल. कोनोकार्पसचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. झपाट्याने वाढणारे आणि बाराही महिने हिरवे राहणारे हे झाड कुंपणालगत दाट भिंतीसारखे लावले जाऊ लागले, आणि पुढे त्याच्या मुळांविषयी व परागकणांविषयी तक्रारी वाढल्यावर गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. ज्याने आपली यादी दहा वर्षांपूर्वी तयार केली आणि नंतर तीच प्रत्येक कामात उतरवली, त्याला हा बदल कळणार कुठून?

(दृश्य : गृहसंकुलाच्या आवारात चाललेली छाटणी. यंत्राचा आवाज कमी करावा.)

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत पावसाळ्यापूर्वीची छाटणी सुरू होते. हा विषय सर्वांत अधिक वेळ देऊन शिकण्याजोगा आहे, कारण इथे झालेली चूक झाड आयुष्यभर वागवते. अमेरिकन वृक्षवैज्ञानिक ॲलेक्स शिगो यांनी असंख्य झाडे चिरून आतली कूज तपासली आणि १९७७ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. प्राण्याच्या जखमेत जुन्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात, झाडाच्या जखमेत तसे होत नाही. झाड त्या भागाभोवती आतून अडसर उभे करते, कूज तिथेच कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदी खोडाला मिळते तिथे एक किंचित फुगीर कडे असते आणि ही सारी तटबंदी त्याच्या आधाराने उभी राहते. खोडाला अगदी घासून फांदी कापली की ते कडेच निघून जाते आणि कुजीला खोडात थेट वाट मिळते. म्हणून जड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, थोडासाच घ्यायचा. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून, आरपार घ्यायचा, म्हणजे फांदी पडताना खोडाची साल ओढून नेत नाही. आणि उरलेला खुंट शेवटी कड्याच्या लगत बाहेरून कापायचा. कापलेल्या जागी डांबर किंवा तेलरंग फासण्याची सवय सर्वत्र दिसते, पण त्याने कूज थांबत नाही. झाडाचा शेंडाच उडवला तर खाली धुमारे फुटतात, झाड दोन वर्षांत पुन्हा भरगच्च दिसते आणि सगळ्यांचे समाधान होते. ते धुमारे मात्र वरवरच्या थरातून आलेले असल्यामुळे त्यांची पकड कमकुवत असते आणि जोराच्या वाऱ्यात ते मोडतात.

छाटणीशी आणि तोडीशी कायदाही जोडलेला आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ चा आहे आणि त्याखाली झाड तोडण्यासाठी परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले आणि तोडल्या जाणाऱ्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. आता सारे काही झाडाच्या वयावर येऊन ठेपते, आणि वय सांगणे आपल्या हवामानात फार अवघड आहे. सागासारखे थोडे अपवाद सोडले तर उष्ण कटिबंधातील बहुसंख्य झाडांच्या लाकडात स्पष्ट वार्षिक वलये दिसत नाहीत. त्यामुळे जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजणे, त्या जातीच्या वाढीचा वेग आणि जागेची परिस्थिती ठाऊक असणे, जुनी छायाचित्रे पाहणे, वस्तीतल्या वयस्क माणसांना विचारणे, अशा अनेक धाग्यांनी अंदाज बांधावा लागतो. हे कौशल्य व्याख्यानातून येत नाही. अनुभवी माणसाबरोबर अनेक झाडांपाशी उभे राहूनच ते अंगी येते.

(दृश्य : नेरूळ, खाडीकडचा रस्ता.)

नवी मुंबईत प्रश्न मातीचा आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि भातशेती, मिठागरे व खाडीकाठ असलेल्या या पट्ट्यात शहर उभे राहिले. खाडीकडच्या भागात वर मुरमाचा भराव आणि खाली खारा चिखल असेल, तर सुरुवातीला जोमाने वाढणाऱ्या झाडाची मुळे त्या थराशी पोहोचली की पानांच्या कडा करपू लागतात. अशा जागी उंडी, भेंड आणि करंज हे आपल्या किनाऱ्याचे वृक्ष टिकाव धरतात. एक मीटर खोल खड्डा घेऊन वेगवेगळ्या थरांतल्या मातीचा खारेपणा मोजण्याचा सराव प्रत्येक प्रशिक्षणात असलाच पाहिजे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरच्या उंच संकुलांत, पोडियमवरच्या, म्हणजे इमारतीच्या खालच्या मजल्यांच्या छतावरच्या, बागांत, वजनाचा हिशेब त्यात मिळवावा लागतो, कारण भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन भरते.

(दृश्य : ट्रकमधून उतरणारी मोठी रोपे. पिशवी फाडून मुळे दाखवावीत.)

आपल्याकडे येणारी अनेक मोठी रोपे आंध्र प्रदेशातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियम परिसरातून येतात. रोप पिशवीत फार काळ राहिले की त्याची मुळे आत गोल फिरत राहतात; तसेच ते जमिनीत लावले तर तीच मुळे जाड होऊन पुढे बुंध्यालाच आवळतात. म्हणून पिशवी काढल्यावर मुळे तपासणे, वेढे घेतलेली मुळे कापणे आणि बुंध्याचा जमिनीलगतचा पसरट भाग उघडा राहील इतक्याच खोलीवर रोप बसवणे आवश्यक असते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रोप अधिक खोल पुरले जाते आणि वर बुंध्याशी मातीचा ढीग रचला जातो.

हे काम करणारा हात माळ्याचा असतो, आणि प्रशिक्षणाच्या वर्गात बहुधा तोच नसतो. रोजंदारीवरच्या माणसाला एक दिवस शिकायला यायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते, आणि माहितीपत्रके इंग्रजीत असल्यामुळे आलेल्यालाही फारसे हाती लागत नाही. यावर उपाय निविदेतच करता येतो. लागवडीच्या कामाच्या दरपत्रकात रोपे, माती, खत आणि देखभाल यांच्याबरोबर माळ्यांच्या प्रशिक्षणाचे दिवस ही स्वतंत्र बाब धरावी, त्या दिवसांची मजुरी पूर्ण द्यावी, शिकवणे मराठीत आणि हिंदीत व्हावे, आणि त्यातला निदान एक दिवस काम संपल्यानंतर तीन वर्षांनी, त्याच जागेवर, लावलेल्या झाडांची मुळे व बुंधे तपासण्यासाठी राखून ठेवावा.