केडगावचे खिळे

(दृश्य: केडगाव स्टेशन, सकाळ. फलाटावर दोन-चार माणसं.)

पुण्याहून दौंडकडे निघालं की वाटेत केडगाव लागतं. छोटं स्टेशन. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठी उभं केलेलं घर, याच गावात आहे. रमाबाईंचं नाव आपण शाळेत वाचलेलं असतं: शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढची साक्ष, 1889 सालचं शारदा सदन, विधवांचं शिक्षण. आज बोलायचं आहे ते त्यांच्या प्रार्थनेबद्दल. त्यासाठी आपल्याला मुक्तीच्या छापखान्यात जायचं आहे. पण त्याआधी झेलमच्या काठावरची एक रात्र.

(दृश्य: नदीकाठची वाळू, संधिप्रकाश.)

1870 नंतरची ती दुष्काळाची वर्षं. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब पुराणं सांगत, तीर्थक्षेत्रं करत दक्षिणेत फिरत होतं. होतं नव्हतं ते विकून झालं, मग झाडपाल्यावर दिवस निघाले. आधी वडील गेले. दीडएक महिन्यात आई गेली. काही महिन्यांनी थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालत उत्तरेला निघाले, आणि चालतच राहिले. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याची थंडी पडली. पांघरायला काही नाही. तेव्हा या बहीणभावांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यात आडवे झाले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली.

रमाबाईंनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. मी ती जितक्यांदा वाचते, तितक्यांदा त्या ‘थडग्यासारखे’ या शब्दापाशी थांबते.

पुढे 1880 साली श्रीनिवास गेला. त्याच वर्षी रमाबाईंचं लग्न झालं, आणि 1882 च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला. पदरात मनोरमा, अजून वर्षाचीही झाली नव्हती.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई तिकडे गेल्या होत्या त्या डॉक्टर व्हायच्या इच्छेनं. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होतं, म्हणून वैद्यकीचं दार बंद झालं.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये विश्वासाची साक्ष द्यायला उभं राहिलेलं माणूस बहुतेक वेळा एका दमात अंधारातून उजेडात येतं. रमाबाईंनी तसं सांगितलं नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असं त्यांनी लिहिलं. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं हे असंच चाललं. या आठ वर्षांत त्यांनी प्रार्थना सोडली नाही, कामही सोडलं नाही. ज्यांना आज देव जवळ वाटत नाही आणि तरीही जे रात्री गुडघे टेकतात, त्यांनी ही आठ वर्षं लक्षात ठेवावीत असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: अर्धवट उघडं दार, आत कंदिलाचा उजेड.)

शारदा सदन पुण्यात आल्यावर वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत मुलीसोबत प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे. सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसत. दार लावून घ्या, असा आग्रह झाला. बाईंनी लावलं नाही. 1893 साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्या मंडळींनी सल्लागार म्हणून असलेला संबंध तोडला, आणि पालकांनी मुली घरी नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती, हेही म्हणायला हवं. सदनात धर्मप्रसार होणार नाही, या भरवशावर त्यांनी मुली धाडल्या होत्या. पण स्वतःच्या खोलीतली प्रार्थना लपवून करायला बाई तयार नव्हत्या.

मग 1896 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या बातम्या वाचून रमाबाई निघाल्या. तिथे रस्त्याकडेला बसलेल्या मुलींमध्ये त्यांना वीस वर्षांपूर्वीची रमा दिसली नसेल, तर नवल. तीनशेच्या आसपास मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेग, एवढ्या माणसांना शहरात ठेवायची सोय नाही. केडगावला घेतलेली जमीन होती. तिथल्या राहुट्या-झोपड्यांतून मुक्ती उभं राहिलं. 1900 सालच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांवर गेली. रोज इतक्या तोंडांना घास द्यायचा! येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेतली ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही ओळ तिथे पाठांतराची राहिलीच नसणार.

(दृश्य: शिशाचे खिळे, एक हात त्यातून अक्षर उचलतो.)

आता छापखाना.

मराठी बायबल तेव्हाही होतं. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर. दुष्काळातून आलेल्या, नुकतीच बाराखडी शिकलेल्या बाईला ती कळत नव्हती. स्वतः संस्कृतच्या पंडिता असलेल्या रमाबाईंनी ठरवलं, हिला कळेल असं बायबल करायचं. त्यासाठी त्या बायबलच्या मूळ भाषा, इब्री (हिब्रू) आणि ग्रीक, शिकल्या. काम सुरू झालं तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती. ते शेवटपर्यंत चाललं, जवळजवळ अठरा वर्षं.

आणि खिळे जुळवायला बसल्या मुक्तीतल्याच मुली. ज्यांनी हा काळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी सांगते. एकेक अक्षर म्हणजे शिशाचा एकेक खिळा, तोही उलटा. काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, प्रत्येकाचा कप्पा वेगळा. ओळ जुळवायची, पान बांधायचं, कच्चं मुद्रित काढायचं, चुका दुरुस्त करायच्या. छापून झालं की प्रत्येक खिळा परत आपल्या कप्प्यात. काल जिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, तिच्या बोटांखालून बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, एकेक वचन जात होतं.

मला विचाराल तर मुक्तीतली सगळ्यात लांब प्रार्थना हीच.

24 जुलै 1921. मनोरमा गेली. चाळीस वर्षांची. आईचा उजवा हात, मुक्तीची पुढची आशा. तिच्यासाठी प्रार्थना झाल्या नसतील का? नक्कीच झाल्या. तरी ती गेली. दुःखातल्या माणसाला ‘प्रार्थना कर, सगळं नीट होईल’ असं सांगणाऱ्यांनी केडगावचं हे वर्ष डोळ्यांसमोर आणावं. बाईंचं शरीर खचलं होतं, ऐकू जवळजवळ येत नव्हतं. त्या पुन्हा मुद्रितांपाशी बसल्या.

असं सांगतात की, शेवटी त्यांनी देवाकडे दहाच दिवस मागितले, मुद्रितं संपवण्यापुरते. ती तपासून झाली आणि 5 एप्रिल 1922 च्या पहाटे झोपेतच त्यांनी देह ठेवला. त्या दहा दिवसांची गोष्ट आपण चमत्कार म्हणून सांगतो. माझं मन मात्र त्याआधीच्या आठ महिन्यांत अडकतं. लेकीला मातीत ठेवून आलेली आई सकाळी दिवसाचं पान पुढ्यात ओढते आणि चुकलेल्या वेलांटीवर खूण करते.

(दृश्य: छापलेलं पान, शाई ओली.)

बाई गेल्या, तरी खिळे जुळत राहिले. 1924 साली संपूर्ण बायबल मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडलं.