‘कुबानचे कोसॅक’: स्टालिनच्या काळातली रंगीत जत्रा

(दृश्य: क्षितिजापर्यंत पिवळाधमक गहू. ओळीनं चाललेली कापणीयंत्रं. समूहगान.)

हा गहू बघा. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता गहू, आणि सगळं शिवार गातंय. बायका गातात, पुरुष गातात, गाडीवान गातात. बोलायची कुणालाच घाई नाही.

हे दक्षिण रशियातलं कुबान नदीचं खोरं, कोसॅक या लढवय्या घोडेस्वार समाजाचा मुलूख. चित्रपट ‘कुबानचे कोसॅक’, दिग्दर्शक इव्हान पीरयेव. चित्रीकरण झालं १९४९ साली आणि फेब्रुवारी १९५०मध्ये, ऐन थंडीत, तो सोव्हिएत प्रेक्षकांपुढं आला. ४ कोटींवर तिकिटं खपली.

कथा चिमूटभर. सुगी संपली आहे. दोन कोल्खोज, म्हणजे सामुदायिक शेतं, माल भरून जत्रेला निघाले आहेत. एकाचा अध्यक्ष गोर्देई वोरोन: मिशीवाला, अडेलतट्टू, अस्सल कोसॅक. दुसऱ्याची अध्यक्ष गालिना पेरेस्वेतोवा, युद्धात नवरा गमावलेली. दोघांचं एकमेकांवर मन आहे, पण आधी कबूल कोण करणार? त्यापेक्षा बाजारात एकमेकांवर कुरघोडी केलेली बरी! तिकडं वोरोनच्या शेतावरची दाशा गालिनाच्या शेतावरच्या निकोलाईच्या प्रेमात पडते, आणि वोरोनचा जीव कशानं खालीवर होतो? इतकी कामसू पोरगी लग्न करून दुसऱ्या कोल्खोजमध्ये जाणार म्हणून. मग घोड्यांच्या शर्यती होतात, गाणी होतात, सगळं मार्गी लागतं.

तरुण जोडीचं प्रकरण जरा रेंगाळतं, हे खरं. पण मरिना लादिनिना आणि सेर्गेई लुक्यानोव समोरासमोर आले की नजर हलत नाही. लादिनिना ही पीरयेवची पत्नी. त्याच्या शेतीवाडीच्या संगीतपटांची ती दहा-बारा वर्षं नायिका होती. कधी ट्रॅक्टर चालवणारी, कधी डुकरं पाळणारी. इथं पहिल्यांदा ती पोक्त, थोडी थकलेली दिसते, आणि म्हणून जास्त खरी वाटते.

(दृश्य: जत्रेतली दुकानं. कलिंगडांचे ढीग, कापडाचे तागे, पियानो.)

आता या लाल रंगाकडं बघा. हा लाल रंग मूळचा जर्मन.

बर्लिनच्या नैऋत्येला वोल्फेन नावाचं गाव आहे. तिथं आग्फा कंपनीचा फिल्मचा कारखाना होता. हॉलिवूडच्या टेक्निकलर या रंगपद्धतीला तेव्हा अवजड कॅमेरा आणि एकाच वेळी फिरणाऱ्या तीन पट्ट्या लागत. आग्फानं तिन्ही रंगांचे थर एकाच पट्टीवर बसवले होते, त्यामुळं साधा कॅमेरा पुरे. एप्रिल १९४५मध्ये वोल्फेनमध्ये आधी अमेरिकन सैन्य पोचलं, आणि उन्हाळ्यात तो भाग सोव्हिएत ताब्यात आला. फिल्मचे साठे, यंत्रं, जाणकार माणसं, सगळं विजेत्यांच्या हाती पडलं. पुढं युक्रेनमधल्या शोस्त्का इथं हीच पद्धत वापरून सोव्हिएत रंगीत फिल्म बनू लागली.

(आपल्याकडं प्रभातनं १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करून आणण्यासाठी थेट जर्मनी गाठली होती. रंग फसले. तेव्हा हे तंत्र किती हुलकावण्या देणारं होतं, ते मराठी रसिकांना सांगायला नको.)

पीरयेवनं युद्धानंतर आधी सैबेरियावर एक रंगीत संगीतपट काढून हात बसवून घेतला होता. छायालेखक व्हालेंतिन पावलोव दोन्हीकडं तोच. त्या काळच्या रंगीत फिल्मला प्रकाश भरपूर लागायचा. कुबानच्या उन्हाळ्यात उन्हाला तोटा नव्हता, आणि तो भगभगीत प्रकाश पावलोवनं पुरेपूर वापरला. रिबिनी, रुमाल, टोमॅटो, घोड्यांची तुकतुकीत अंगं, सगळं चमकतं. करड्या युद्धपटांना सरावलेल्या डोळ्यांना हे जेवणासारखंच लागलं असणार.

आणि जेवणाचीच तर वानवा होती.

१९४६ साली मोल्दोवा, युक्रेन आणि रशियाच्या मोठ्या भागात पाऊस दगा देऊन गेला. आधीच युद्धानं माणसं आणि जनावरं नेलेली, त्यात सरकारी धान्यवसुलीचा तेरावा महिना. त्या दुष्काळात निदान दहा लाख माणसं गेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्याच काळात देशातून धान्य निर्यातही होत होतं. शिधापत्रिका बंद झाल्या त्या डिसेंबर १९४७मध्ये. कोल्खोजवरच्या शेतकऱ्याला मजुरी म्हणून वहीत ‘श्रमदिन’ मांडून मिळायचे, त्यांच्या बदल्यात वर्षाअखेर धान्य, तेही उरलं तर. गाव सोडून शहरात जायला लागणारा अंतर्गत पासपोर्ट बहुतेकांकडं नव्हता. अशा माणसांना पडद्यावर पियानो विकत घेताना दाखवलं गेलं.

पण यातली खोल जखम वेगळी आहे, आणि ती खास कुबानची आहे. १९३२-३३च्या दुष्काळात याच खोऱ्यात धान्याचं लक्ष्य न गाठणारी कोसॅक गावं काळ्या यादीत टाकली जात. यादीत नाव आलं, की गावच्या दुकानातला माल उचलून न्यायचा आणि खरेदी-विक्री बंद. पोल्तावस्काया नावाचं अख्खं गाव उठवून उत्तरेला हद्दपार केलं, रिकाम्या घरांत लाल सेनेचे निवृत्त सैनिक वसवले आणि गावाचं नाव बदलून क्रास्नोआर्मेयस्काया, म्हणजे लाल सैनिकांचं गाव, असं ठेवलं. ज्या मुलखातली दुकानं सरकारनं रिती केली, त्याच मुलखात सतरा वर्षांनी सरकारी स्टुडिओनं ओसंडून वाहणारी जत्रा मांडली. त्या जत्रेतली बरीच फळं कागदाच्या लगद्याची होती, असं सांगतात. मला त्या लगद्यापेक्षा त्या दुकानांचं जास्त वाटतं.

निकोलाई पोगोदिनच्या पटकथेचं मूळ नाव होतं ‘आनंदी जत्रा’. ‘कुबानचे कोसॅक’ हे नाव स्टालिननं सुचवलं, अशी हकिगत आहे. चित्रपटाला स्टालिन पारितोषिक मिळालं.

(दृश्य: संध्याकाळ. गालिना एकटी. गाणं.)

मग उपाशी माणसांनी हा चित्रपट डोक्यावर का घेतला? एक कारण साधं. पर्यायच कमी होते. स्टालिनच्या शेवटच्या वर्षांत इतके थोडे चित्रपट मंजूर होत, की १९५१ साली एवढ्या अवाढव्य देशात जेमतेम नऊ कथापट निघाले. पण नुसत्या टंचाईनं गाणी ओठांवर बसत नाहीत.

संगीतकार इसाक दुनायेवस्कीनं इथं ढोल-ताशे बाजूला ठेवून दोन गाणी रचली. शब्द मिखाईल इसाकोवस्कीचे. एक ओढ्याकाठी फुललेल्या कलिनाच्या झुडपाचं, मनातलं सांगता न येणाऱ्या मुलीचं. दुसरं, ‘जसा होतास तसाच राहिलास’ असं आपल्या हट्टी कोसॅकला सुनावणाऱ्या बाईचं. ज्या देशानं युद्धात कोट्यवधी माणसं गमावली, जिथं गावोगावी पुरुषच उरले नव्हते, तिथं एक विधवा पुन्हा कुणावर तरी जीव लावते, रागावते, थांबते. कापणीयंत्रं खोटी, कलिंगडं खोटी, पण ही बाई खोटी नाही. प्रेक्षागृहात तिच्यासारख्या किती बसल्या असतील!

१९५३मध्ये स्टालिन गेला. फेब्रुवारी १९५६मध्ये पक्षाच्या अधिवेशनातल्या गुप्त भाषणात नवा पक्षप्रमुख ख्रुश्चेव्ह म्हणाला, की स्टालिनला शेती ठाऊक होती ती सिनेमांतून, आणि त्या सिनेमांत कोल्खोजच्या मेजा टर्की आणि हंसांच्या भारानं वाकलेल्या असत. त्यानं चित्रपटाचं नाव घेतलं नाही, पण रोख कुणावर आहे ते सगळ्यांना कळलं. ‘कुबानचे कोसॅक’ पडद्यावरून उतरला.

लादिनिनाला १९५४नंतर चित्रपटात काम मिळालं नाही. पाच स्टालिन पारितोषिकं मिळवलेली ही नटी २००३पर्यंत जगली. पीरयेव मात्र दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांकडं वळला, आणि ‘करामाझोव’ हा चित्रपट पुरा होण्याआधी फेब्रुवारी १९६८मध्ये गेला. जत्रेतल्या एका तरुणाचं काम करणारा युरी ल्युबीमोव पुढं मॉस्कोच्या तागान्का रंगभूमीचा बंडखोर दिग्दर्शक झाला. नियतीचे खेळ!

१९६८ सालीच चित्रपट पुन्हा बाहेर निघाला, नव्यानं संकलित होऊन. कात्री लागली ती स्टालिनच्या उल्लेखांना. फळांच्या राशी जागच्या जागी राहिल्या. गाण्यांना तर परवानगीची गरजच पडली नव्हती. मधल्या बारा वर्षांत ती लग्नाकार्यात, जेवणाच्या मेजांवर बिनदिक्कत गायली जात होती, आणि कलिनाचं गाणं दुनायेवस्कीचं आहे हे गाणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या लेखी ते लोकगीत होतं.