पाण्याआधी नाव सांगा

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकच्या पंचवटीतल्या एका जुन्या वाड्याची वर्दी आम्हा अग्निशमन दलाच्या लोकांना पहाटे साडेतीनला मिळाली. दिवाळी आठवड्यावर आली होती. आम्ही पोचलो तेव्हा जिन्याखालून धूर येत होता आणि जिन्याची खालची दोन फळकुटं पेटली होती. आग मोठी नव्हती, दहा मिनिटांत विझली. पण घरातले आजोबा माझा हात सोडेनात. "साहेब, घरात कुणी काडीसुद्धा ओढली नाही हो. मेन स्विच बंद, गॅस बंद. मग पेटलं कशानं?"

जिन्याखाली एक गोणी होती. आदल्या दिवशी मिस्त्रींनी सागवानी खांबांना आणि दारांना जवसाच्या तेलाचा हात दिला होता आणि संध्याकाळी जाताना तेलकट चिंध्या त्या गोणीत कोंबून ठेवल्या होत्या. मी गोणी उपसली. वरच्या एका चिंधीवर लुगड्याचा काठ अजून ओळखू येत होता. आत मात्र नुसता कोळशाचा गोळा. बाहेरून लागलेली आग आधी बाहेरचं जाळते. ही आतून निघाली होती. आजोबा खरंच बोलत होते, काडी कुणीच ओढली नव्हती.

जवसाचं तेल वाळतं असं आपण म्हणतो, पण ते पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं, आणि हे होताना थोडी थोडी उष्णता बाहेर पडते. चिंधी दोरीवर पसरली असेल तर ती उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते, कुणाला कळतही नाही. तीच चिंधी बोळा करून इतर वीस चिंध्यांखाली दाबली, की उष्णता कोंडते. तापलं की तेल आणखी भराभर ऑक्सिजन ओढतं, त्यानं आणखी तापतं. काही तासांत धूर, मग जाळ. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात फेब्रुवारी १९९१ मध्ये ३८ मजल्यांची एक इमारत अशाच जवसाच्या तेलाच्या चिंध्यांनी पेटली. २२व्या मजल्यावर सुरू झालेली ती आग अठरा तासांहून जास्त जळत राहिली आणि तिथले तीन फायरमन गेले. चिंध्यांच्या एका ढिगापायी! म्हणून पॉलिशवाले घरी आले असतील तर संध्याकाळी त्यांच्या चिंध्या स्वतः मोजून घ्या. उघड्यावर एकेक सुटी वाळत घाला, नाहीतर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून वर घट्ट झाकण लावा.

हे झालं घरातलं. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी आता जरा सविस्तर बोलतो, कारण तिथे आपोआप पेटण्याचा हाच गुण मोठ्या मापात समोर येतो. आपोआप पेट घेणाऱ्या मालाला धोकादायक पदार्थांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ४.२ हा वर्ग दिलेला आहे. त्याची खूण चौकोनी पाटी कोपऱ्यावर उभी केल्यासारखी असते. वरचा अर्धा भाग पांढरा, त्यात ज्वाळेचं चित्र, खालचा अर्धा लाल. यातले काही पदार्थ हवा लागल्यापासून पाच मिनिटांच्या आत पेटतात, काही ढिगात पडून तासांनी किंवा दिवसांनी तापतात.

आता तीन पदार्थ घेऊ. पहिला पांढरा फॉस्फरस. हा पाण्याखाली ठेवतात, कारण दमट हवेत तो तिशीच्या आसपासच्या तापमानालाच पेट घेतो. आपल्या नाशकात एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा काय होईल ते तुम्हीच बघा. याला पाणी चालतं, ओली वाळू चालते, पण जोराचा फवारा मारला तर जळते तुकडे चहूकडे उडतात. म्हणून ब्रँचमधून, म्हणजे पाइपाच्या तोंडाच्या नळीतून, धुक्यासारखं पाणी सोडायचं. आणि विझला म्हणून पाठ फिरवली, पाणी सुकलं, की तो पुन्हा पेटतो.

दुसरा ट्रायइथाइल ॲल्युमिनियम, प्लॅस्टिकच्या कारखान्यांत उत्प्रेरकासाठी लागतो. हा हवेत पेटतो आणि याच्यावर पाणी पडलं तर स्फोटासारखा भडका होतो. इथे पाणी नाही, फोम नाही, कार्बन डायऑक्साइडही नाही. कोरडी वाळू, ड्राय केमिकल पावडर, आणि तेवढं हाताशी नसेल तर माणसं मागे घेऊन आजूबाजूचं वाचवायचं.

तिसरा तुमच्या जास्त ओळखीचा. हायड्रो पावडर, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. कापड रंगवणाऱ्यांकडे असते, गुळाला पिवळा रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांतही वापरतात. या पावडरीला थोडंसं पाणी लागलं की ती तापते, विघटन पावते आणि पेट घेते. आणि ती शांत करायची तर पाणीच लागतं, पण धो धो! झाकून, वाळू टाकून गुदमरवायला जाल तर उपयोग नाही, तिला जळायला बाहेरची हवा लागतच नाही.

म्हणजे पाण्याचा एक थेंब एकीकडे जीव घेतो आणि दुसरीकडे तेच पाणी टँकरभर ओतावं लागतं. बाहेरून तिन्ही ठिकाणी दिसतो तो पांढरा धूर. आमच्याकडे बीए सेट म्हणजे पाठीवरच्या हवेच्या टाकीचे श्वसनसंच आहेत, उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा आहे, पण ड्रममध्ये काय आहे ते कॅमेरा सांगत नाही. ते तुम्हीच सांगू शकता.

पावसाळ्यातली एका गोदामाची वर्दी मला कायम आठवते. पत्र्याला गळती होती, खाली ड्रम होते, एकाचं झाकण सैल राहिलेलं. गंधक जळाल्यासारखा वास रस्त्यापर्यंत येत होता. मालक फोन उचलत नव्हते. रात्रपाळीचे वॉचमन मामा मात्र फाटकापाशी वारा पाठीवर घेऊन उभे होते आणि त्यांच्या हातात आवक-जावकीचं रजिस्टर होतं. बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हे आलंय परवा. हायड्रो. बारा डबे." शाळा किती शिकले होते ते मी विचारलं नाही. त्या एका ओळीमुळे आम्ही वाळूच्या मागे न लागता तीन होज, म्हणजे पाण्याचे पाइप, एकदम लावले आणि ड्रम पाण्यात बुडवले. गॅस सल्फर डायऑक्साइड होता, छातीत गेला तर माणूस कोसळतो, म्हणून बीए सेट घातल्याशिवाय एकही जवान आत सोडला नाही. मामांना त्या रात्री आमच्या जवानांनी सलाम केला, मीही केला.

एवढं पाणी ओतलं की ते कुठे जातं हाही प्रश्न असतोच. सातपूर-अंबडचे नाले नंदिनीला मिळतात, जिला आपण नासर्डी म्हणतो, आणि नासर्डी गोदावरीला. त्यामुळे एक टोळी आग विझवते तेव्हा दुसरी फावडी घेऊन मातीचा बांध घालत असते. बघ्यांना वाटतं हे लोक आग सोडून माती काय ओढतायत. रामकुंडाच्या गावात हे काम आगीइतकंच मोलाचं आहे, असं मला मनापासून वाटतं.

मुंबई-आग्रा महामार्गावर, कसारा घाटात एखादा टँकर कलंडलेला दिसला, तर जवळ जाऊन व्हिडिओ काढू नका. टँकरवर पाटी असते, तिच्यावर आत कोणता माल आहे ते सांगणारा चार आकडी यूएन नंबर असतो. वारा पाठीवर घेऊन, लांबूनच तो वाचा. फॉस्फरस १३८१, हायड्रो १३८४. १०१ किंवा ११२ ला फोन करून आधी जागा सांगा, मग तो नंबर सांगा. नंबर नाही दिसला तर धुराचा रंग, वास आणि माल सांडलाय की पेटलाय, एवढं सांगितलं तरी निम्मं काम होतं. कुणाच्या अंगावर फॉस्फरस उडाला असेल तर ती जागा थंड पाण्याच्या ओल्या फडक्यानं झाकून ठेवा, डॉक्टरपर्यंत ओलीच ठेवा. तूप, तेल, मलम लावू नका. फॉस्फरस तेलात विरघळतो आणि अंगात शिरतो.

इगतपुरी-त्र्यंबकच्या शेतकरी बंधूंसाठीही दोन शब्द. भाताचा पेंढा दमट असताना गंजी रचली की ती आतून कढते. आधी जिवाणू तापवतात, पुढचं काम रासायनिक क्रिया करते. गंजीतून गोडसर करपल्यासारखा वास आला तर लोखंडी पहार आत खुपसून थोड्या वेळानं बाहेर काढा. हात लावून धरवत नसेल तर गंजी उकलू नका, आम्हाला बोलवा. उकलली की आत हवा शिरते आणि डोळ्यांदेखत भडका होतो. गंजीवर चढूही नका, आत जळून पोकळी झालेली असते, माणूस सरळ खाली जातो.

आम्ही आलो की गंजी थराथरानं काढतो, प्रत्येक थर भिजवतो आणि तिथेच थांबतो, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. गावकरी म्हणतात, "विझली की आता, चहा घ्या आणि निघा." चहा आम्ही घेतो. पण एक जवान होज हातात धरून गंजीपाशी उभाच असतो, आणि तास-दोन तासांनी हाताचा मोजा काढून पेंढ्यात बोटं घालून बघत असतो.