रुळाची चीर आणि कंत्राटाचा दर

श्रोते हो, नमस्कार.

रुळाच्या आतल्या कडेला कधी कधी केसाएवढी बारीक चीर पडते. चाकांच्या दाबाने पडते. वेळेत दिसली तर रूळ घासून किंवा बदलून भागतं. नजरेतून सुटली तर ती पोलादात खोल उतरत जाते. सार्वजनिक रेल्वेची देखभाल कंत्राटदाराकडे द्यावी का, हा वाद माझ्या मते या चिरेपाशीच येऊन ठेपतो.

काम बाहेर देण्यामागचा विचार सरळ आहे. निविदा निघतात, स्पर्धा होते, दर उतरतो, पगार आणि निवृत्तिवेतनाचा बोजा हलका होतो. काही कामांत हे खरंही आहे. रुळाखालची खडी ठोकून बसवणारी किंवा रूळ घासणारी यंत्रं फार महाग असतात. ठेकेदाराने ती बाळगून ठिकठिकाणी फिरवली तर परवडतात. शिवाय इतके किलोमीटर रूळ बदलले, इतके पैसे, असा चोख हिशेब होतो.

रोजच्या देखभालीचं तसं नाही. ती नीट झाली की काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचं बिल कसं करायचं? मग करारात मोजता येईल तेवढंच लिहिलं जातं: गस्तीच्या किती फेऱ्या, किती तासांत दुरुस्ती. गस्तीवरच्या माणसाला काही वेगळं दिसलं, तर ते करारातलं काम की जादा, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. बाजारातून काम करून घेण्यालाही खर्च येतो, हे रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने १९३७ सालीच मांडलं होतं. करार करणं, देखरेख, वाद मिटवणं, यांतलं काहीही निविदेच्या आकड्यात नसतं.

ब्रिटनने हा खर्च भोगला. १९९०च्या दशकात तिथे रेल्वेचं खासगीकरण झालं. रूळ रेलट्रॅक या कंपनीकडे गेले, त्यांची देखभाल मात्र वेगळ्या कंपन्यांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी लंडनहून लीड्सला निघालेली गाडी ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जात असताना हॅटफील्डजवळ रूळ फुटला. त्याचे तीनशेहून जास्त तुकडे झाले. चार माणसं गेली. मला आजही अस्वस्थ करते ती गोष्ट अशी, की त्या रुळाचा दोष आधीच कळला होता. बदलीचा रूळ आणून तिथेच बाजूला ठेवलेला होता. तो बसवायचा राहून गेला.

पुढचं अधिक बोलकं आहे. अशा चिरा आणखी कुठे कुठे आहेत, हे रुळांच्या मालकालाच खात्रीने सांगता येईना. रुळांची नाडी ओळखणारी माणसं आता त्याच्या पगारावर नव्हती. मग हजाराहून जास्त ठिकाणी वेगमर्यादा घातल्या गेल्या आणि देशभर गाड्या महिनोन्महिने रखडल्या. दुरुस्ती आणि नुकसानभरपाईच्या ओझ्याखाली रेलट्रॅक वाकली. ऑक्टोबर २००१मध्ये तिचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. दर कमी म्हणून घेतलेलं काम शेवटी केवढ्याला पडलं, ते बघा.

तिची जागा घेणाऱ्या नेटवर्क रेलने ऑक्टोबर २००३मध्ये रोजची देखभाल कंत्राटदारांकडून काढून स्वतःकडे घ्यायचं ठरवलं. हजारो कामगार तिच्या पगारावर आले. जुने रूळ काढून नवे टाकण्याची मोठी कामं मात्र तिने कंत्राटदारांकडेच ठेवली.