शिडी चढण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ असं आपण सर्रास म्हणतो. समुद्रावर कायदा राबवायला निघालेल्या मुलामुलींनी या म्हणीवर फक्त एका बाबतीत विश्वास ठेवावा, बाकी सगळीकडे ती विसरून जावी. ती एक बाब कुठली, ते ओघात येईलच.

आजचं बोलणं आहे ते ज्यांनी तटरक्षक दलासारख्या सेवेत जायचं ठरवलंय, बोटी अडवून तपासणाऱ्या तुकडीत काम करायची ज्यांची इच्छा आहे आणि ज्यांच्या हातात बेसिक ट्रेनिंगआधीचे चार-सहा महिने आहेत, त्यांच्यासाठी. या महिन्यांत बहुतेक जण दिवसा जोर मारतात आणि रात्री मोबाईलवर कमांडोंचे व्हिडिओ बघतात. जोर मारा, त्यात वाईट काही नाही. व्हिडिओंबद्दल माझी तक्रार आहे, ती नंतर.

या कामाचं खरं रूप आधी सांगतो. आम्ही त्याला ‘बोर्डिंग’ म्हणतो. आपल्या छोट्या, वेगवान बोटीतून दुसऱ्याच्या जहाजावर चढायचं, कागद बघायचे, माणसं मोजायची, माल बघायचा, लिहून घ्यायचं आणि उतरायचं. शंभरातल्या बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. एखाद्या वेळी अमली पदार्थ सापडतात, चोरून पकडलेली मासळी सापडते, नाहीतर खाली कोंबलेली माणसं. पण त्या एका वेळेसाठी आणि उरलेल्या सगळ्या वेळांसाठी एकच रस्ता असतो, तो म्हणजे दोरशिडी.

ही शिडी जवळून दाखवतो. जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे जहाजाला बंदराची वाट दाखवणाऱ्या वाटाड्याला म्हणजे पायलटला नुसत्या दोरशिडीने ९ मीटरपर्यंतच चढवता येतं, त्यावर उंची असेल तर दुसरा जिना जोडावा लागतो. ९ मीटर म्हणजे साधारण तीन मजले. शिडी ओली, जहाज डोलतंय, खाली आपली बोट वर-खाली होतेय, अंगावर जाकीट, रेडिओ, हत्यार धरून दहा-पंधरा किलो सहज. आता शिडी पकडायची कधी? नवखा माणूस बोट खाली गेली की पकडतो, कारण तेव्हा सगळं क्षणभर शांत वाटतं. मीही तेच केलं होतं. मी दुसऱ्या पायरीवर होतो आणि पुढच्या लाटेने बोट वर उचलली. बोटीच्या कठड्याने माझी टाच जहाजाला दाबून धरली. बूट गेला, पाय राहिला. मग एका पायात बूट आणि दुसऱ्यात ओला मोजा अशा थाटात मी त्या जहाजाचे कागद तपासले. कप्तान वयस्क होता. त्याने प्रत्येक कागद अदबीने पुढे केला आणि शेवटी, काही न बोलता, आपली एक चप्पलही.

शिडी पकडायची ती लाटेच्या माथ्यावर, बोट सगळ्यात उंच असताना. मग बोट खाली निघून जाते आणि पाय मोकळे राहतात. हात बाजूच्या दोरांना, पायऱ्यांना नाही. हे तुम्हाला प्रशिक्षणात शिकवतीलच. घरून न्यायचं ते बोटांमधलं बळ. शिडीवरून माणूस सुटतो तो बहुतेकदा पंजा थकल्यामुळे, दंड थकल्यामुळे नव्हे. एक जाड दोर टांगा आणि रोज त्याला लोंबकळा. आज वीस सेकंद, उद्या पंचवीस. पाठीवर हळूहळू वजन वाढवा. आणि हो, दोर हाताळताय तर चार गाठीही शिका. निरगाठ आणि सुरगाठ यांतला फरक डोळे मिटून बोटांना कळला पाहिजे, आणि ‘बोलाइन’ नावाची, ओझं आलं तरी न आवळणारी फाशाची गाठ अंधारात बांधता आली पाहिजे.

आता पोहणं. पोहण्याची चाचणी प्रत्येक सेवेची वेगळी असते, तुमच्या जाहिरातीत बघून घ्या. तलावात पट्टीचे पोहणारे मी पुष्कळ पाहिलेत. सरळ रेषेत, चष्मा लावून, झकास. त्यांनाच पूर्ण कपड्यांत पाण्यात ढकललं की निम्म्यांची गंमत संपते. म्हणून शर्ट-पँट घालून पोहायचा सराव करा. एका जागी उभ्याने तरंगत राहायला शिका, हात पाण्याबाहेर काढून. पाठीवर निवांत पडून राहायला शिका. हे सगळं कुणीतरी काठावर असतानाच. पाण्याखाली श्वास रोखण्याचा सराव एकट्याने तर कधीच नको. त्यात चांगले तयार पोहणारे आधी काही न जाणवता बेशुद्ध होतात आणि तिथेच संपतात.

पाणी गार असेल तर हिशेब आणखी बदलतो. बचावकामातली माणसं एक-दहा-एक हा आडाखा सांगतात. बर्फगार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला तुमच्याकडे साधारण १ मिनिट असतं. हातपाय कामाचे राहतात साधारण १० मिनिटं. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे पहिल्या मिनिटात पोहायचंच नाही, फक्त धापा आवरायच्या. बुडणारे पुष्कळ जण त्या तासाने मरत नाहीत, पहिल्या मिनिटाने मरतात.

आणि आता ती एक बाब, जिथे म्हण खरी ठरते. बोट लागणं. उलट्या. याची घरी तयारी होत नाही, पाण्यावर गेल्यावरच शरीर शिकतं. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत जमतं. क्षितिजावर नजर ठेवा, पोट रिकामं ठेवू नका, हाताला काम ठेवा. ब्रिटिश आरमाराचा नावाजलेला सेनापती ॲडमिरल नेल्सन याला आयुष्यभर बोट लागायची, तरी त्याचं काही अडलं नाही. त्यामुळे एखाद्या सहलीत बोट लागली म्हणून अर्ज मागे घेऊ नका.

शरीराचं इतकं पुरे. खरं घोडं अडतं ते पुढेच.

कायद्याचं पुस्तक उघडा. घाबरू नका, सगळं नको. समुद्राच्या कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार १९८२ साली झाला आणि १९९४ मध्ये लागू झाला. त्यातले तीन आकडे पाठ करा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र, २४ पर्यंत लगतचा पट्टा, जिथे जकातीसारखे कायदे राबवता येतात, आणि २०० पर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, जिथल्या मासळीवर आणि खनिजांवर त्या देशाचा हक्क असतो. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. मग नकाशावर या रेषा स्वतः काढा, आणि प्रत्येक रेषेच्या आत-बाहेर स्वतःला विचारा, इथे मला कुणाला थांबवता येईल आणि कशासाठी? जमिनीवरच्या पोलिसाला हा प्रश्न पावलागणिक पडत नाही. आम्हाला पडतो. खुल्या समुद्रात परकं जहाज तपासायची कारणं त्या करारात मोजकी आहेत: चाचेगिरी, गुलामांचा व्यापार, जहाजाला राष्ट्रीयत्वच नसणं, परका झेंडा मिरवणारं जहाज प्रत्यक्षात आपल्याच देशाचं असणं, आणि विनापरवाना प्रसारण! आकाशवाणीच्या या खोलीत बसून हे सांगताना मला जरा हसू येतंय. पण १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइनसारखी केंद्रं खरोखरच किनाऱ्यापासून दूर नांगरलेल्या जहाजांवरून गाणी लावायची, आणि सरकारांची झोप उडाली होती.

हे आकडे नुसते परीक्षेपुरते नाहीत. ‘सायगा’ची गोष्ट सांगतो. सायगा हे तेलवाहू जहाज, झेंडा सेंट व्हिन्सेंट आणि ग्रेनाडीन्सचा. पश्चिम आफ्रिकेजवळ मासेमारी बोटींना समुद्रातच डिझेल विकायचं हा त्याचा धंदा. २८ ऑक्टोबर १९९७ ला गिनी देशाच्या गस्ती बोटींनी, आपला जकात कायदा मोडला म्हणून, पाठलाग करून ते पकडलं. जहाज मालाने जवळजवळ पूर्ण भरलेलं, म्हणजे पाण्यात खोल बसलेलं, डेक पाण्याच्या अगदी जवळ. वेग जास्तीत जास्त तासाला १० सागरी मैल. अशा जहाजावर चढणं म्हणजे आमच्या धंद्यात सुट्टीचा दिवस. पण गस्तीवाल्यांनी थांबण्याचा नीट इशारा न देता मोठ्या गोळ्या झाडल्या. चढल्यावर, समोरून कुणी विरोध करत नसताना, डेकवरही गोळीबार केला, इंजिन बंद पाडायलाही बंदूकच वापरली. दोघे जबर जखमी झाले.

प्रकरण हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणात गेलं. १ जुलै १९९९ चा निकाल आहे. गिनी हरली. पाठलाग कायदेशीर ठरला नाही, कारण तो मध्ये तुटला होता आणि ऐकू येईल किंवा दिसेल असा इशारा दिलेला नव्हता. देशाचा जकात कायदा अनन्य आर्थिक क्षेत्रात असा लावता येत नाही, असंही ठरलं. आणि बळाचा वापर अवाजवी होता. गिनीला २१ लाख २३ हजार ३५७ अमेरिकी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. त्या निकालात क्रम सांगितलाय, तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आधी दिसणारा किंवा ऐकू येणारा इशारा. त्याने काम झालं नाही तर इतर उपाय, ज्यात जहाजाच्या नाळेपुढून, म्हणजे पुढच्या टोकासमोरून, गोळी झाडणंही आलं. बळ सगळ्यात शेवटी, तेही आगाऊ ताकीद देऊन आणि जीव जाणार नाही अशा बेताने.

माझी व्हिडिओंबद्दलची तक्रार हीच. त्यात हा क्रम उलटा असतो. पहिल्याच मिनिटाला दार फुटतं. असे व्हिडिओ बघून आलेल्या पोरांना शिकवणं सोपं असतं, त्यांच्या डोक्यातून ते काढणं अवघड. बेड्या घालायची रीत, हत्यार धरायची रीत घरी शिकू नका. कोऱ्या हाताने या.

त्याऐवजी बोलायला शिका. १७९१ च्या जूनमध्ये अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने नव्या जकात-गस्ती बोटींच्या कप्तानांना पत्र लिहिलं. आपले देशबांधव स्वतंत्र माणसं आहेत, अरेरावीचा वासही त्यांना सहन होत नाही, तेव्हा उर्मटपणा आणि अपमान कटाक्षाने टाळा, असा त्याचा आशय आहे. दोनशे तीस वर्षांत बोटी बदलल्या, हे बदललं नाही. जहाज म्हणजे खलाशाचं घर. त्याचे वाळत घातलेले कपडे तिथे असतात, देव असतात, मुलांचे फोटो असतात. तुम्ही हत्यार घेऊन त्याच्या घरात शिरलेले असता. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं चालत नाही. एखादं गर्दीचं काम अंगावर घ्या, जिथे दिवसभर चिडलेल्या माणसांशी शांतपणे बोलावं लागतं. दुसरी एखादी भाषाही कामचलाऊ शिका. ‘हात दाखवा’, ‘किती माणसं?’, ‘कुणी आजारी आहे का?’ एवढी वाक्यं आली तरी पुष्कळ.

आणि लिहायला शिका. हे सांगितलं की पोरं तोंड वाकडं करतात. आमचा एक खटला पडला होता, कारण अहवालात ४२ पोती आणि पंचनाम्यात २४. ध चा मा करायला कुणी कारस्थानी लागत नाही, रात्री तीनची झोप पुरते. आजपासून खिशात वही ठेवा. रोज एक प्रसंग लिहा: वेळ चोवीस तासांच्या घड्याळाने, ठिकाण, कोण, काय पाहिलं. ‘संशयास्पद वाटला’ असं लिहायचं नाही. ‘प्रश्न विचारल्यावर दोनदा मागच्या दाराकडे बघितलं’ असं लिहायचं. खाडाखोड झाली तर एकच आडवी रेघ मारून सही. महिन्याने तीच पानं वाचा आणि आपल्याला काय-काय दिसत नाही ते बघा.

बाकीचं पटकन सांगतो. रंगांधळेपणाची तपासणी आधीच करून घ्या. रात्री जहाजाची डावी बाजू तांबड्या दिव्यावरून आणि उजवी हिरव्यावरून ओळखतात, त्यामुळे इथे सूट मिळणं कठीण. नशा, कर्जाची थकबाकी, सोशल मीडियावरचा जुना आचरटपणा, पार्श्वभूमीच्या चौकशीत सगळं वर येतं. लपवलेलं सांगितलेल्यापेक्षा जास्त नडतं. नवे बूट आत्ताच घ्या आणि पायांना सवय लावा.

वेळ संपत आली. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, एक खेळ सांगतो. मोठ्या जहाजाला सात आकडी आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, क्रमांक असतो. नाव बदलेल, मालक बदलेल, झेंडा बदलेल, हा क्रमांक भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. त्याचा सातवा आकडा पहिल्या सहांवर पहारा करतो. लिहा: ९, ०, ७, ४, ७, २, ९. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणा. त्रेसष्ट, शून्य, पस्तीस, सोळा, एकवीस, चार. बेरीज १३९. बेरजेचा शेवटचा आकडा ९, क्रमांकाचा शेवटचाही ९. जमलं. हे तोंडी, वाऱ्यात उभं राहून, अर्ध्या मिनिटात यायला हवं.

आता समजा पहाटेची वेळ आहे. समोरच्या जहाजाच्या मागच्या बाजूचा रंग इतर रंगापेक्षा ताजा दिसतोय, आणि त्यावर क्रमांक आहे ९, ३, १, ५, २, ०, ७. बेरीज करा. तुमचा प्रमुख तुमच्याकडे बघतोय.

नमस्कार.