बकलर्स हार्डचा रुंद रस्ता

श्रोतेहो, नमस्कार.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, हॅम्पशायर परगण्यात, ब्यूली नावाची भरती-ओहोटीची नदी आहे. तिच्या काठी बकलर्स हार्ड नावाचं चिमुकलं गाव आहे. लाल विटांच्या घरांच्या समोरासमोर दोन ओळी, झालं गाव! पण मधला रस्ता मात्र एखाद्या शहरात शोभेल इतका रुंद.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथले जमीनमालक, माँटेग्यूचे ड्यूक, यांना नदीकाठी साखरेचं बंदर वसवायचं होतं. साखर येणार होती कॅरिबियन बेटांवरून, आणि तिथे ती गुलामांच्या कष्टांवर पिकायची, हे सांगायलाच हवं. त्यातल्याच सेंट ल्युसिया बेटावर १७२२ साली ड्यूकनी माणसं धाडली. फ्रेंचांनी त्यांना तिथे टिकू दिलं नाही, आणि बंदराचा बेत तिथेच फसला.

रुंद रस्ता मात्र कामी आला. शेजारीच न्यू फॉरेस्टचं जंगल, तिथला ओक आणायचा, रस्त्यात रचायचा आणि खाली नदीकाठी युद्धनौका बांधायच्या! हेन्री ॲडम्स या कसबी माणसाने हा उद्योग नावारूपाला आणला. १७८१ साली इथून ‘अगामेम्नॉन’ पाण्यात उतरली. तोफा ६४, आणि लाकूड सुमारे २००० ओकवृक्षांचं! पुढे ती ब्रिटिश आरमाराचे नामांकित सेनानी नेल्सन यांची सगळ्यात लाडकी नौका ठरली. ब्रिटिशांनी फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराला हरवलं, त्या ट्रफाल्गारच्या लढाईत या एवढ्याशा गावाच्या तीन नौका होत्या: ‘अगामेम्नॉन’, ‘युरायलस’ आणि ‘स्विफ्टशुअर’. लढाईचं श्रेय दर्यासारंगांना मिळतं. मला त्या करवत्यांचं आणि सुतारांचं मोल तितकंच वाटतं. लढाई झाली त्याच वर्षी, १८०५ मध्ये, ॲडम्स वारले, वयाच्या ९२व्या वर्षी.

इंग्लंडमध्ये जहाजाजोगा ओक दुर्मिळ होत चालला होता. आरमाराची नजर वळली आपल्या मुंबईकडे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांच्या हाताखाली मलबारी सागाची जहाजं तयार होत होती. ‘अगामेम्नॉन’ १८०९ साली उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ रुतून फुटली. मुंबईत १८१७ साली बांधलेली ‘त्रिंकोमाली’ मात्र अजून तरंगते आहे, इंग्लंडमध्येच, हार्टलपूलच्या गोदीत. तिकडच्या मराठी मंडळींनी मुलांना घेऊन ती जरूर पाहावी.

नमस्कार.