गोळ्याचं सोडा, तोफेचं काय झालं?

मंडळी, टेबलावर काय मांडलंय ते मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या आहेत, रुळांसारख्या समांतर चिकटवलेल्या. मधल्या जागेत चपटी चुंबकं आणि वर आडवा ठेवलेला तांब्याच्या तारेचा तुकडा. आता पट्ट्यांना पेन्सिल सेल जोडतो. बघा, तार घरंगळत गेली. सेल उलटा लावला की उलट्या बाजूला जाते. शाळेत डाव्या हाताची तीन बोटं ताणून जो नियम पाठ केला होता, तो हाच.

विज्ञानकथांमधली रेलगन, म्हणजे दारूऐवजी विजेने गोळा फेकणारी तोफ, ती हीच, फक्त तिथे चुंबकं नसतात. रुळांमधून जाणारी विद्युतधाराच चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि त्या क्षेत्रात मधला तुकडा ढकलला जातो. यात एक गंमत आहे. रेलगनचा सेल उलटा लावला तरी गोळा पुढेच जातो. धारा उलटते तसं क्षेत्रही उलटतं, दोन उलटे मिळून सुलटं. म्हणजे बल धारेच्या वर्गावर अवलंबून असतं. माझ्या या सेलमधून फार तर पाच अँपिअर जात असतील. चुंबकं काढून घेतली तर तारेवरचं बल एखाद्या मुंगीच्या वजनाहूनही कमी भरेल. म्हणून खऱ्या रेलगनमध्ये धारा लाखो अँपिअरमध्ये मोजतात.

एक गणित करू. धारा तीस लाख अँपिअर, रुळांची लांबी दहा मीटर, गोळा दहा किलोचा. नेहमीच्या मांडणीत बल येतं साधारण साडेबावीस लाख न्यूटन, आणि गोळा सेकंदाला दोन किलोमीटरच्या वर वेगाने बाहेर पडतो. त्याला मिळालेली ऊर्जा साडेबावीस मेगाज्यूल. वीजबिलाच्या भाषेत किती? सव्वासहा युनिट! बेडरूममधला एसी एका रात्रीत तेवढी वीज खातो. मग अडचण कुठे आहे? वेळेत. हे सव्वासहा युनिट नऊ मिलिसेकंदांत ओतायचे आहेत. म्हणजे तेवढ्या क्षणापुरती २,४०० मेगावॅट शक्ती हवी. आपल्या सगळ्या कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. त्यामुळे आधी कॅपॅसिटरच्या कपाटांत वीज सावकाश साठवायची आणि मग एकदम सोडायची. कथांमध्ये तोफ ‘चार्ज होतेय’ असं म्हणत नायक घाम पुसतो ना, ते अगदी बरोबर आहे. लेखकांना तेवढे गुण देऊन टाकू.

मात्र एक गोष्ट बहुतेक कथा विसरतात. गोळ्यावर जे होतं, ते तोफेवरही होतं. दोन रुळांमधून धारा विरुद्ध दिशांनी वाहतात, त्यामुळे रूळ एकमेकांना बाहेर ढकलतात. तीस लाख अँपिअर आणि मध्ये दहा सेंटीमीटर अंतर धरलं, तर प्रत्येक मीटरला साधारण १,८०० टनांचा जोर येतो. प्रत्येक बाराला तोफ स्वतःलाच फाडायला बघते. शिवाय मधला तुकडा रुळांना घासत जातो. कॉलेजात असताना मी या खेळण्याला सेलऐवजी कॅपॅसिटरची माळ जोडली होती. मोठा ‘टक्’ आवाज झाला, ठिणगी उडाली, आणि तार जागची हलली नाही. जवळ जाऊन बघतो तर दोन्ही टोकं पट्ट्यांना वेल्ड झालेली! पकडीने उपटली तेव्हा पट्टीवर मसुराएवढा खड्डा राहिला. तो खड्डा हाच या शस्त्राचा खरा इतिहास आहे.

अमेरिकन नौदलाने व्हर्जिनियात डालग्रेन इथे १० डिसेंबर २०१० रोजी ३३ मेगाज्यूलचा बार काढला. त्या चाचण्यांची चित्रफीत पाहिली तर नवल वाटतं. दारूचा कण नसलेल्या तोफेच्या तोंडातून भगव्या ज्वाळेचा लोट येतो. गोळ्यामागे रुळांना घासत जाणाऱ्या तुकड्याचं ॲल्युमिनियम वितळून, वाफ होऊन पेटतं, त्याची ही ज्वाळा. पडद्यावर निळा झोत आणि गुणगुण आवाज असतो, खऱ्यात मात्र तोफ स्वतःची चामडी ओकत असते. रुळांची झीज हे दुखणं शेवटपर्यंत राहिलं आणि २०२१ मध्ये तो कार्यक्रम थांबवला गेला. जपानने मात्र २०२३ मध्ये जहाजावरून रेलगन डागून पाहिली. म्हणजे विषय संपलेला नाही.

घासाघीस टाळायची तर कॉइलगन आहे, वेटोळ्यांची तोफ. तिच्यात तारेच्या वेटोळ्यांचं चुंबकीय क्षेत्र गोळ्याला न शिवताच ओढतं. नॉर्वेचा क्रिस्तियान बिर्कलँड, उत्तर ध्रुवप्रकाशाचा मोठा अभ्यासक, त्याने १९०१ मध्ये अशा तोफेचं पेटंट घेतलं. भांडवलदार आणि प्रतिष्ठितांसमोर प्रात्यक्षिक ठेवलं, कळ दाबली आणि शॉर्टसर्किट झालं. डोळे दिपवणारी विद्युतज्वाला उठली आणि प्रेक्षकांची पळापळ झाली. तोफेचा धंदा तिथेच बुडाला. पण अशाच ज्वाळेने हवेतला नायट्रोजन पकडून त्याने पुढे साम आयडे या अभियंत्याबरोबर खत बनवलं आणि १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली. फसलेल्या तोफेने शेतं पिकवली असं म्हणायला हरकत नाही.

आता अवकाशात जाऊ, कारण कथाकारांना तिथेच जायचं असतं. धक्क्याची, म्हणजे मागे ढकललं जाण्याची भीती लोकांना फार वाटते. ती फुकट आहे. आपला दहा किलोचा गोळा हजार टनांच्या यानाला सेकंदाला दोन सेंटीमीटर मागे सारेल. खरी भीती उष्णतेची. उदार मनाने धरू की निम्मी ऊर्जा गोळ्याला मिळाली आणि निम्मी उष्णता होऊन तोफेत राहिली. जमिनीवर हवा आहे, समुद्रावर पाणी आहे. अवकाशात उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात जाते, तीही सावकाश. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचे मोठाले रेडिएटर सुमारे ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकतात. आपल्या एका बाराची उष्णता काढायला त्यांना पाच मिनिटांहून जास्त लागतील. म्हणजे लढाईत एक गोळा उडवायचा आणि चहा घेऊन यायचा.

पण कथेत सेकंदाला दोन किलोमीटरवर कोण समाधान मानतो? प्रकाशाच्या एक टक्का वेग हवा. एक किलोचा गोळा, एक किलोमीटर लांब नळी. त्वरण येतं पृथ्वीच्या गुरुत्वाच्या शेहेचाळीस कोटी पट. गोळ्याची ऊर्जा साडेचार लाख कोटी ज्यूल, साधारण एक किलोटन, म्हणजे हजार टन, टीएनटी या स्फोटकाएवढी. आणि तेवढीच उष्णता तुमच्या यानात. हजार टनांचं लोखंडी यान असेल तर ते तीनदा वितळेल एवढी. शत्रूचं काय व्हायचं ते होवो, तुमचं यान पहिल्याच बाराला गेलं!

शस्त्र म्हणून जे जमत नाही, ते मालगाडी म्हणून छान जमतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या जेरार्ड ओ’नील यांनी १९७० च्या दशकात चंद्रावरची माती अवकाशात फेकणाऱ्या यंत्राचा, ‘मास ड्रायव्हर’चा, आग्रह धरला. चंद्राचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला जेमतेम २.४ किलोमीटर आणि हवा नाही. पृथ्वीच्या गुरुत्वाच्या १,८०० पट त्वरण दिलं तर १६० मीटरचा मार्ग पुरतो. मातीला त्याचं काही वाटत नाही. माणूस बसवायचा नाही एवढं लक्षात ठेवायचं.

प्रश्न नंतर घेऊ. कुणाला ही तार स्वतः फिरवून बघायची असेल तर पुढे या. फक्त सेल जपून उचला. मघापासून जोडलेला राहिलाय, चटका बसेल.